नवख्या देशांसाठी अणुऊर्जेची पूर्वतपासणी : ‘इनिर’ सेवेचे परीक्षण

ज्या देशाने आजवर एकही अणुवीज केंद्र चालवलेले नाही, त्याने ते उभारायचे ठरवले की मदत देऊ करणाऱ्यांची वाण नसते. अणुभट्टी विकणारे देश बांधकामाबरोबर कर्ज देऊ करतात, इंधनाच्या पुरवठ्याची हमी देतात, तरुण अभियंत्यांना आपल्याकडे नेऊन शिकवतात आणि प्रसंगी वापरलेले इंधन परत नेण्याचीही तयारी दाखवतात. या गर्दीत एक सेवा अशी आहे, की तिच्याकडे विकण्याजोगे काहीच नाही. व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था २००९ पासून सदस्य देशांसाठी ‘इंटिग्रेटेड न्यूक्लिअर इन्फ्रास्ट्रक्चर रिव्ह्यू’ हा पायाभूत तयारीचा एकत्रित आढावा घेते आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘इनिर’ म्हणतात. जॉर्डन, व्हिएतनाम, बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, पोलंड, केनिया, घाना, एस्टोनिया अशा अनेक देशांनी ती घेतली आहे. त्यांपैकी बऱ्याच देशांचे अहवाल सर्वांना वाचायला खुले आहेत आणि हे परीक्षण मुख्यतः त्यांच्याच आधारावर केले आहे. माझे मत आधीच सांगतो : सेवा उत्तम आहे, परंतु तिचा उपयोग किती झाला हे अहवालाच्या जाडीवरून कळत नाही. ती घेतल्यानंतर त्या देशात स्वतःच्याच सरकारला ‘अजून तयारी झालेली नाही’ असे अधिकाराने सांगू शकणारी एखादी संस्था उभी राहिली का, एवढेच पाहावे.

या सेवेचा पाया २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे सुधारलेल्या एका मार्गदर्शक पुस्तिकेत आहे. तिच्यात अणुऊर्जा कार्यक्रमाचे तीन टप्पे कल्पिले आहेत. पहिल्या टप्प्याअखेर देशाने सर्व जबाबदाऱ्या समजून-उमजून निर्णय घेण्याइतके तयार व्हावे, दुसऱ्याअखेर निविदा मागवण्याइतके किंवा कराराची बोलणी करण्याइतके, आणि तिसऱ्याअखेर पहिले केंद्र सुरू करून चालवण्याइतके. पहिल्या विचारापासून पहिल्या विजेपर्यंत साधारण १० ते १५ वर्षे लागतात असे पुस्तिका मानते, आणि निवडणुकीच्या आधी तारखा जाहीर करणाऱ्या मंत्र्यांना नेमके हेच वाक्य सर्वांत नावडते असावे. प्रत्येक टप्प्यावर १९ बाबी तपासल्या जातात. सरकारची ठाम भूमिका, कायदे, नियामक, अर्थपुरवठा, सेफगार्ड्स (अणुसामग्री शस्त्रांकडे वळू नये यासाठीची देखरेख), वीजग्रिड, मनुष्यबळ, जागा, आपत्कालीन नियोजन, अणुसुरक्षा, इंधनचक्र, किरणोत्सारी कचरा, स्थानिक उद्योगांचा सहभाग, खरेदी असा त्यांचा पसारा आहे. अणुभट्टीचे तंत्रज्ञान या यादीत स्वतंत्रपणे कुठेच येत नाही, हे मला विशेष वाटते. भट्टी विकत मिळते. ती ज्या व्यवस्थेच्या हाती सोपवायची ती व्यवस्था विकत मिळत नाही, हे गृहीत धरूनच ही यादी बनली आहे.

सेवेचा सर्वांत मोलाचा भाग परदेशी तज्ज्ञांचे विमान उतरण्याच्या आधीच पार पडतो. देशाला आधी स्वयंमूल्यमापन करून त्याचा अहवाल द्यावा लागतो. त्यासाठी ऊर्जा, अर्थ, पर्यावरण, परराष्ट्र आणि गृह या खात्यांना, वीज कंपनीला, विद्यापीठांना आणि नियामकाला एका टेबलाभोवती बसून १९ बाबींपैकी प्रत्येकीवर लेखी उत्तर तयार करावे लागते, पुरावे जोडावे लागतात आणि कुठे काय कमी आहे हे स्वतःच्या सहीने मान्य करावे लागते. ज्या देशांत एका खात्याचे कागद दुसऱ्या खात्याला दिसणे दुरापास्त असते, तिथे एवढ्यानेही बरेच काही साधते. या कामाचा समन्वय करण्यासाठी सरकारने एक स्वतंत्र यंत्रणा नेमावी असे संस्था सांगते. अहवालांमध्ये ती ‘नेपिओ’ या संक्षिप्त नावाने पानोपानी भेटते. तिच्याकडे अधिकार किती, माणसे किती आणि ती थेट कोणाला उत्तरदायी आहे, एवढे वाचले की त्या देशाचा कार्यक्रम कागदी आहे की खरा, याचा पुष्कळसा अंदाज येतो.

या प्रश्नावलीची धार कळण्यासाठी वीजग्रिडचीच बाब घ्यावी. एका संचाची क्षमता साधारणपणे संपूर्ण ग्रिडच्या सुमारे १० टक्क्यांहून जास्त असू नये, असा या क्षेत्रातील ठोकताळा आहे. कारण तो संच अचानक बंद पडला तर उरलेल्या केंद्रांना तेवढी तूट क्षणार्धात भरून काढावी लागते, आणि ती भरून निघाली नाही तर सगळे ग्रिड कोसळू शकते. शिवाय बंद पडलेल्या भट्टीतही इंधनाची उष्णता निघतच राहते आणि ती थंड ठेवणारे पंप चालवायला बाहेरून वीज लागते. म्हणजे अणुवीज केंद्र हे ग्रिडचे पुरवठादारही असते आणि ग्राहकही. बाजारात मिळणारे मोठे संच १,००० ते १,६०० मेगावॉटचे असताना, ज्या देशाची एकूण क्षमताच तीन-चार हजार मेगावॉट आहे त्याने तसा एक संच घेण्याचा विचार करणे म्हणजे आधी ग्रिड वाढवण्याचा आणि शेजारी देशांशी जोडण्याचा खर्च मान्य करणे होय. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हा खर्च सहसा नसतो. केंद्र मोडीत काढण्याचा निधी आजपासून कोण साठवणार, वापरलेल्या इंधनाची मालकी कोणाची, अपघात झाल्यास भरपाईची मर्यादा किती, असे प्रश्नही असेच आहेत. त्यांची उत्तरे फीत कापण्याच्या समारंभात कोणी विचारत नाही.

प्रत्यक्ष मोहीम आटोपशीर असते. संस्थेचे अधिकारी आणि इतर देशांतील अनुभवी तज्ज्ञ यांचे पथक आठवडाभर, फार तर थोडे अधिक, त्या देशात राहते, संबंधित अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेते आणि शेवटच्या दिवशी प्राथमिक मसुदा हाती ठेवते. अंतिम अहवाल काही महिन्यांनी येतो. त्याची मांडणी एकदा समजली की तो वाचणे सोपे जाते. प्रत्येक बाबीखाली काही अटी असतात आणि प्रत्येक अटीसमोर तीन पर्याय असतात : लक्षणीय कृती आवश्यक, किरकोळ कृती आवश्यक, कृती आवश्यक नाही. त्यांपैकी एकावर खूण केलेली असते. पुढे निरीक्षणे, मग क्रमांक दिलेल्या शिफारशी, सूचना आणि इतरांनी घ्याव्यात अशा चांगल्या पद्धती. घाईत असलेल्या वाचकाने प्रस्तावना आणि आभार सोडून सरळ या खुणा पाहाव्यात. मजकुराची भाषा मुत्सद्द्यांची आहे. तिच्यात कोणी ‘अयशस्वी’ होत नाही, सर्वांनी ‘प्रगती’ केलेली असते आणि प्रत्येक सरकार ‘कटिबद्ध’ असते. परंतु ‘करावे’ आणि ‘करण्याचा विचार करावा’ यांत अहवाल काटेकोर फरक करतो. ज्या अहवालात ‘नियामकाचे स्वातंत्र्य सुनिश्चित करावे’ या अर्थाची शिफारस दिसते, तिथे बाकीचे सारे कौतुक बाजूला ठेवून तेच वाक्य पुन्हा वाचावे, असे मी सुचवेन.

या सेवेचा सर्वाधिक फायदा कोणी करून घेतला, असे विचारले तर संयुक्त अरब अमिरातीचे नाव घ्यावे लागते, आणि हे उदाहरण थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. अमिरातीने एप्रिल २००८ मध्ये शांततामय अणुऊर्जेविषयीचे धोरण प्रसिद्ध केले आणि त्यात आपल्या भूमीवर युरेनियम समृद्ध करणार नाही व वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रियाही करणार नाही, असे जाहीर केले. अमेरिकेबरोबरचा अणुसहकार्याचा ‘१२३ करार’ २००९ च्या डिसेंबरात अमलात आला. त्याच वर्षी कायदा करून स्वतंत्र नियामक स्थापन झाला आणि त्याच्या पहिल्या प्रमुखपदी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगात वरिष्ठ पद भूषवलेले विल्यम ट्रॅव्हर्स आले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे माजी महासंचालक हान्स ब्लिक्स यांच्या अध्यक्षतेखाली एक आंतरराष्ट्रीय सल्लागार मंडळही नेमले गेले. दक्षिण कोरियाच्या केप्को या वीज कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाशी सुमारे २० अब्ज डॉलरांचा करार डिसेंबर २००९ मध्ये झाला. अबुधाबीच्या पश्चिम किनाऱ्यावर बराका येथे प्रत्येकी १,४०० मेगावॉटचे चार संच उभारायचे होते. इनिरचे पथक मात्र जानेवारी २०११ मध्ये आले, म्हणजे करारावर सह्या होऊन वर्ष उलटल्यावर. पुस्तिकेच्या क्रमाने पाहिले तर या गुणी विद्यार्थ्यानेही पेपर थोडा उशिराच लिहिला, असे म्हणावे लागेल.

तरीही पुढे जे घडले ते महत्त्वाचे आहे. पहिल्या संचाचे काम २०१२ मध्ये सुरू झाले आणि तो २०१७ मध्ये वीज देईल असे ठरले होते. त्याचे बांधकाम पूर्ण झाल्याचा समारंभ मार्च २०१८ मध्ये दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत झाला, पण भट्टीत इंधन भरण्याची परवानगी लगेच मिळाली नाही. चालक कंपनीच्या कर्मचाऱ्यांची तयारी पुरेशी असल्याचे समाधान होईपर्यंत नियामकाने परवाना रोखून धरला. दरम्यान त्याच वर्षी तिसऱ्या टप्प्याचे इनिर पथकही येऊन गेले. परवाना फेब्रुवारी २०२० मध्ये मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये पहिला संच ग्रिडला जोडला गेला. तयार उभ्या केंद्राला दोन वर्षे थांबवून ठेवणे म्हणजे व्याजाचा केवढा बोजा आणि प्रतिष्ठेचा केवढा प्रश्न, याची कल्पना करता येते. एका नवख्या देशातील, अवघ्या दशकभराच्या जुन्या नियामकाने हा बोजा सरकारला सोसायला लावला. अर्थात, पैशाची चणचण नसलेल्या आणि जगभरातून तज्ज्ञ नेमू शकणाऱ्या देशाला हे जमले म्हणून सर्वांना जमेल, असे नाही. चौथा संच २०२४ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाला आणि आता बराका अमिरातीची सुमारे एक चतुर्थांश वीज देते.

याच्या शेजारी तुर्कस्तान ठेवून पाहावे. अक्कुयू केंद्राचा रशियाबरोबरचा आंतरसरकारी करार मे २०१० मध्ये झाला. केंद्र रशियन कंपनीनेच बांधायचे, तिच्याच मालकीचे राहायचे आणि तिनेच चालवायचे, अशी ही रचना आहे. पहिल्या दोन संचांची ७० टक्के आणि पुढच्या दोन संचांची ३० टक्के वीज १५ वर्षे प्रतियुनिट १२.३५ अमेरिकी सेंट या दराने घ्यायची, हेही करारातच बांधले गेले. इनिर पथक नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. पहिले काँक्रीट एप्रिल २०१८ मध्ये ओतले गेले आणि स्वतंत्र अणुनियामक प्राधिकरण स्थापन झाले ते त्याच वर्षीच्या जुलैत. तोवर अणुऊर्जेचा प्रसार आणि तिचे नियमन एकाच संस्थेकडे होते. बांगलादेशात रूपपूर केंद्राचा रशियाशी करार नोव्हेंबर २०११ मध्ये झाला आणि इनिर पथकही त्याच महिन्यात आले. नियामकाचा कायदा २०१२ मध्ये झाला, प्राधिकरण २०१३ मध्ये उभे राहिले आणि पाठपुरावा मोहीम २०१६ मध्ये झाली. बांगलादेशाने शिफारशींवर काम केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु १२.६५ अब्ज डॉलरांच्या प्रकल्पात ११.३८ अब्ज डॉलर भट्टी विकणाऱ्याच देशाने कर्जाऊ दिलेले असतात, त्याच्याच विद्यापीठांत तंत्रज्ञ घडलेले असतात आणि इंधनही त्याच्याचकडून यायचे असते, तेव्हा नव्या नियामकाला ‘थांबा’ म्हणताना किती जणांच्या नजरा झेलाव्या लागतील, हे कोणत्याही रकान्यात मावत नाही. करार करून झाल्यावर तयारीची तपासणी मागवणे म्हणजे बैल गेला अन् झोपा केला, असा प्रकार होण्याची भीती राहतेच.

विक्रेत्याची मदत वाईट असते, असे मला म्हणायचे नाही. रूपपूरसाठी रशिया, बांगलादेश आणि भारत यांच्यात मार्च २०१८ मध्ये झालेल्या त्रिपक्षीय सामंजस्य करारासारख्या व्यवस्थांमुळे शेजारच्या अनुभवी देशाचे कौशल्य नवख्या देशाला मिळते, आणि वापरलेले इंधन रशियाने परत नेण्याचा २०१७ चा करार हा कचऱ्याच्या प्रश्नाने हैराण होणाऱ्या छोट्या देशाला मोठाच दिलासा आहे. मात्र विक्रेत्याकडून मिळणारा सल्ला आणि तटस्थ संस्थेकडून मिळणारा सल्ला यांची फाइल एकच ठेवू नये.

आता सेवेतील उणिवा. पहिली म्हणजे ती केवळ निमंत्रणावर मिळते. कोणत्या टप्प्याचा आढावा, केव्हा घ्यायचा हे देशच ठरवतो, आणि शिफारशी पाळण्याचे बंधन नाही. दुसरी उणीव मला अधिक खटकते : अहवाल प्रसिद्ध होणे यजमान देशाच्या हातात आहे. त्याने ठरावीक मुदतीत नकार कळवला तर जो अहवाल नागरिकांनी वाचायला हवा तोच कपाटात राहतो. लोकसहभाग ही १९ बाबींपैकी एक असताना हा विसंगत नियम का टिकून आहे, याचे उत्तर एवढेच की तो नसता तर कित्येक सरकारांनी पथकाला बोलावलेच नसते. तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. बेलारूसने अस्ट्रावेट्स केंद्रासाठी जून २०१२ मध्ये इनिर पथक बोलावले. ते केंद्र लिथुआनियाची राजधानी विल्नियसपासून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे आणि जागेच्या निवडीवरून लिथुआनियाने आंतरराष्ट्रीय करारांचा आधार घेऊन वर्षानुवर्षे तक्रार केली. जुलै २०१६ मध्ये बांधकामस्थळी भट्टीचे पात्र हाताळताना अपघात झाला आणि अखेर ते पात्र बदलावे लागले, तेव्हा हा अविश्वास आणखी वाढला. इनिर पथकाच्या चर्चा यजमान देशातील संस्थांशी होतात. सरहद्दीपलीकडच्या गावाला काय वाटते, हे विचारायला ते जात नाही. शेजाऱ्यांचे समाधान करण्याचे काम या सेवेचे नाही हे मान्य, पण ती घेतल्याचा दाखला देशांकडून जणू सर्वांचे समाधान झाल्याचा पुरावा म्हणून मिरवला जातो, हेही खरे.

याहून खोलवरचा आक्षेप संस्थेच्या दुहेरी भूमिकेवर आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या घटनेतच अणुऊर्जेचा शांततामय वापर वाढवणे आणि तो लष्करी कामाकडे वळू नये याची देखरेख करणे, ही दोन्ही उद्दिष्टे आहेत. त्यामुळे ‘तुमच्या देशाने अणुऊर्जेच्या वाटेला जाऊ नये’ असे वाक्य इनिरच्या अहवालात शोधूनही सापडणार नाही. जायचे की नाही हा निर्णय देशाचा, आम्ही फक्त तयारी पाहतो, अशी संस्थेची भूमिका आहे आणि ती प्रामाणिक आहे. व्यवहारात ‘नाही’ म्हणण्याचे काम पैसा आणि राजकारण करतात. व्हिएतनामने दोन इनिर मोहिमा घेतल्यानंतर २०१६ मध्ये खर्चाच्या कारणावरून निन्ह थुआन प्रांतातील अणुवीज कार्यक्रम रद्द केला आणि २०२४ मध्ये पुन्हा हाती घेतला. जॉर्डनने रशियाबरोबरचा मोठ्या भट्ट्यांचा बेत २०१८ मध्ये सोडून छोट्या भट्ट्यांकडे मोहरा वळवला. मी याला सेवेचे अपयश मानत नाही. न बांधलेल्या केंद्राचा अभ्यास वाया जात नाही, अभ्यास न करता बांधलेले केंद्र मात्र किती महाग पडते हे फिलिपिन्सला विचारावे. ६२१ मेगावॉटचे बाटान केंद्र तिथे १९८० च्या दशकात दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्चून पूर्ण झाले, त्यात एकदाही इंधन भरले गेले नाही, आणि त्याचे कर्ज २००७ पर्यंत फेडावे लागले. त्या देशाने इनिर पथक बोलावले ते २०१८ मध्ये.

मुख्य सेवेच्या जोडीला संस्थेच्या इतर तपासण्याही आहेत. नियामकासाठी वेगळी, जागेच्या निवडीसाठी वेगळी, आपत्कालीन तयारीसाठी वेगळी, चालू केंद्राच्या सुरक्षिततेसाठी वेगळी, अशी ही मालिका आहे आणि छोट्या देशातील मोजक्या अधिकाऱ्यांची यात दमछाक होते. या तपासण्यांच्या वेळापत्रकाची सांगड घालणारी एकत्रित कार्ययोजना संस्था देशाबरोबर बनवते, ती घ्यावीच. इंधन अडवून धरले जाईल या भीतीवरही उतारा आहे : कझाकस्तानात उस्त-कामेनोगोर्स्क येथे २०१७ मध्ये उद्‌घाटन झालेली कमी-समृद्ध युरेनियमची, म्हणजे भट्टीच्या इंधनाच्या कच्च्या मालाची, बँक. राजकीय कारणाने कोणाचा पुरवठा तुटला तर शेवटचा आधार म्हणून तिच्यात ९० टनांपर्यंत साठा ठेवला जातो. तिच्या निधीत अमिरातीनेही एक कोटी डॉलर घातले आहेत.

खर्चाच्या दृष्टीने ही सेवा स्वस्त आहे. संस्थेचा अर्थसंकल्प, तांत्रिक सहकार्य कार्यक्रम आणि सदस्य देशांच्या ऐच्छिक देणग्या यांतून तिचा बराचसा भार उचलला जातो. देशाला मोजावी लागणारी खरी किंमत म्हणजे चांगल्या अधिकाऱ्यांचा वेळ. ज्या देशाने अजून कोणाशीही सह्या केलेल्या नाहीत, त्याने ती डोळे झाकून घ्यावी. घानाने आणि केनियाने ती अशाच वेळी घेतली. एस्टोनियाने तर ऑक्टोबर २०२३ मध्ये पथकाचा आढावा घेतल्यानंतर जून २०२४ मध्ये संसदेत अणुऊर्जेच्या बाजूचा ठराव केला, आणि मला हा क्रम सर्वांत योग्य वाटतो. ज्यांचा करार झालेला आहे त्यांनीही ती घ्यावी, पण पाठपुरावा मोहिमेची तारीख त्याच बैठकीत ठरवून.

सेवेत एक सुधारणा मात्र बाहेरूनच येऊ शकते. जागतिक बँकेने १९५९ मध्ये इटलीला दिलेल्या कर्जानंतर अणुवीज प्रकल्पाला हात लावला नव्हता. जून २०२५ मध्ये तिने हे धोरण बदलून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी सहकार्याचा करार केला. यापुढे नवख्या देशांना कर्ज देताना बँकेने इनिरचा ताजा अहवाल मागावाच, आणि तो प्रसिद्ध केल्याखेरीज पहिला हप्ता देऊ नये.